शिंप्याच्या खणात सात वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी मेणाची वडी आहे आणि मला फार राग आलेला आहे. म्हातारीचा राग म्हणा हवं तर, पण शेवटपर्यंत ऐका.

म्हैसूरच्या एका इस्पितळात माझा जन्म झाला. निवृत्तीराव शिंप्यांच्या पत्नी कुसुमबाई यांच्या छातीतली गाठ डॉक्टरांनी काढली. तिचा पावट्याच्या दाण्याएवढा तुकडा पातळ मेणात बसवला. मेण थिजलं आणि मी झाले. पाठीला प्लास्टिकची चौकट, कडेला नंबर. तपासणारे माझ्या पापुद्र्याहून पातळ चकत्या काढून काचेवर ठेवत. तेव्हा सगळे मला दोन बोटांनी जपून धरत. ते दिवस मला अजून आठवतात.

त्या तुकड्याचं महत्त्व काय, ते सांगते. लष्कर मोहल्ल्यातलं निवृत्तीरावांचं दुकानच घ्या. दारातला माणूस गिऱ्हाइकाचं माप ओरडून सांगतो, ते ऐकून कापणारा कापतो, मग मशीनवरचा शिवतो. गिऱ्हाईक नसलं की सगळे गप्प. आपल्या पेशींच्या अंगावरही असे निरोप घेणारे असतात. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की तो हातोहात आत पोचतो आणि पेशी वाढते. निरोप थांबला की तीही थांबते. काही गाठींत मात्र दारावर ओरडणाऱ्यांची झुंबड उडते. गिऱ्हाईक नसतानाही ते ओरडतात आणि आत शिवण चालूच राहते. एक औषध नेमकं या ओरडणाऱ्यांना चिकटतं आणि त्यांचं तोंड बंद करतं. पण ज्या गाठीत अशी झुंबडच नाही, तिथे ते फुकट. म्हणून आधी तपासायचं.

कुसुमबाईंची पहिली तपासणी धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की वडीवर पुढची तपासणी आवश्यक आहे. ती बेंगळुरूला व्हायची होती. खिडकीतल्या कारकुनाने मला पाकिटात घालून निवृत्तीरावांच्या हातात दिलं. "गाठीचा तुकडा आहे," एवढंच तो म्हणाला. कुठे न्यायचा, कशासाठी, काही नाही. देहातून काढलेली वस्तू विठोबा असलेल्या घरात कशी न्यायची, म्हणून निवृत्तीरावांनी मला दुकानातल्या मेजाच्या खणात ठेवलं. इंग्रजी रिपोर्टची घडी घातली. गाठ निघाली, आता कशाला उकरायचं, असं घरात ठरलं. डॉक्टर बदलले, नव्यांनी विचारलं नाही. पाकीट कसरीने खाल्लं.

गेल्या दसऱ्याला बँडवाल्यांच्या चाळीस कोटांचं काम आलं. पितळी बटणं लावायचा दोरा मेणावरून ओढून घ्यावा लागतो, म्हणजे तो तुटत नाही. काज-बटणाचं काम निवृत्तीरावांचे वडील वासुदेवराव करत. त्यांचं मेण संपलं. अंधूक डोळ्यांनी त्यांनी खण चाचपला आणि मी हाती लागले. माझ्या तोंडावरून दोरा ओढला गेला, पुन्हा ओढला गेला. प्रत्येक ओढीला कुसुमबाईंच्या गाठीचा कण दोऱ्यावर गेला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

त्यानंतरच्या थंडीत कुसुमबाईंची पाठ धरली. रोग मणक्यात उतरला होता. तिथे सुई घालून नवा तुकडा काढणं धोक्याचं, जुनी वडी शोधा, असं नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी सुप्रीता धावत दुकानात आली.

"अज्जा, हे मेण कुठलं?"

"खणात होतं गं, सुम्ने, उगाच पडलेलं. दोरा काय गुळगुळीत येतो, बघ."

सुप्रीताने मला उलटं करून नंबर रिपोर्टशी ताडून पाहिला. "हे अम्माचं आहे, अज्जा."

म्हाताऱ्याच्या हातातली सुई कोटातच राहिली. तो आपल्या बोटांकडे पाहत बसला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कुसुमबाईंनी मात्र नवऱ्याला सोडलं नाही. "सात वर्षं, अहो. बँडवाल्यांचे कोट झाले, माझे मणके गेले." निवृत्तीराव मान खाली घालून म्हणाले, "गोत्तिल्ला गं, मला कळलंच नाही." त्या म्हणाल्या, "विचारलंत कुणाला?"

माझ्या अंगावर खोल चरे पडले होते. कोपऱ्यात तांदळाएवढा तुकडा उरला होता. प्रयोगशाळेतल्या नमिताने श्वास रोखून त्यातून दोनच चकत्या काढल्या. पहिली फाटली. दुसरीने उत्तर दिलं: झुंबड आहे. औषध लागू पडेल.

कुणालाही आनंद झाला नाही. कुसुमबाईंनी विचारलं, "हे औषध तेव्हाही होतं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं."

आता दर तीन आठवड्यांनी कुसुमबाईंना सलाईनमधून ते औषध देतात. पाठ थोडी कमी दुखते. रोग आवरता येईल, पण मुळापासून जाणार नाही, असं त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा दिलं असतं तर तो कदाचित परतलाही नसता.

म्हणून मित्रांनो, तुमच्या माणसाच्या देहातलं काही कुणी पाकिटात घालून तुमच्या हातात दिलं, तर मुकाट्याने घरी जाऊ नका. हे काय आहे, कुठे न्यायचं, कधीपर्यंत न्यायचं, हे विचारा. खिडकीतला माणूस वैतागला तर वैतागू दे. मागची रांग खोळंबली तर खोळंबू दे. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.