गालावर तपासलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना निळा चेंडू आहे. पंप लावण्यासाठी माझ्या अंगावर भोक शोधू नका, ते नाही. माझ्या पोटात रबरी पिशवी नाही आणि कोंडलेली हवाही नाही. मी आतून बाहेरपर्यंत फोमचा आहे.

माझा जन्म चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्यात झाला. दोन द्रव एका साच्यात ओतले. ते एकमेकांत मिसळताच तापले, फसफसले आणि पाहता पाहता फुगून साचाभर झाले. त्या फसफसण्यात जे हजारो बुडबुडे तयार झाले, तेच माझे शरीर. त्यांच्या भिंतींना एकमेकांत उघडणाऱ्या खिडक्या आहेत. मला दाबले की आतली हवा त्या खिडक्यांतून बाजूला सरकते, सोडले की परत येते. माझा मऊपणा म्हणजे एवढेच.

जिथून हवा सरकते तिथून पाणीही सरकू शकते. म्हणून माझ्यावर रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या निळ्या रंगाचे तीन थर फवारले. ती माझी कातडी. ती अखंड असेपर्यंत मी भर पावसातही आतून कोरडा राहतो. माझे वजन एकशे चाळीस ग्रॅम भरले. हा आकडा लक्षात ठेवा.

शेवटच्या टेबलावर रूपाली बसत असे. मुकुंदवाडीहून रोज सकाळी पायी येणारी ही बाई चेंडू तपासायची. मऊपणा मोजण्याचे एक यंत्र होते. त्याचा आकडा ती वहीत लिहायची. पण त्याआधी प्रत्येक घाण्यातला, म्हणजे एका वेळी ओतलेल्या मालातला, पहिला चेंडू हातात घेऊन, डोळे मिटून, ती तो जोरात आपल्याच गालावर मारून घ्यायची. सुपरवायझर हसायचा.

"अहो रूपालीताई, मशीन हाय ना त्यासाठी."

"मशीनला गाल नाय ना साहेब," ती म्हणायची. "लहान लेकरं खेळणार ह्याच्याशी."

माझ्या घाण्यातला पहिला चेंडू मीच होतो. तिच्या गालाचा स्पर्श मला झालेला पहिला माणसाचा स्पर्श. त्या वेळी मला फार अभिमान वाटला. ज्याने कुणाला लागत नाही, असा मी चेंडू होतो.

आम्हा वीस जणांना एका शाळेने विकत घेतले. योगायोगाने रूपालीची मुलगी तनुजा तिथेच सातवीत होती. जाळीतून आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती उड्या मारत ओरडली, "हे माझ्या आईच्या कंपनीतले! माझी आई पास करते हे!"

तिने असे म्हणायला नको होते. पण बारा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार?

शाळेत मारचेंडूचा खेळ होता. सगळ्यांनी गोल करून उभे राहायचे, एकाने मध्ये, आणि त्याला चेंडू मारायचा. चुकवता आला तर तो जिंकला. दोन-तीन आठवड्यांत मध्ये उभे राहणारे बदलेनासे झाले. मध्ये तनुजाच असे.

"घे, तुझ्या आईनं पाठवलाय!" तिच्या वर्गातला सत्यम ओरडायचा आणि मला फेकायचा. सगळे हसायचे. मीही तिला लागायचो, पण लागत नसे. खेळाचे सुदर्शन सर लिंबाखाली खुर्ची टाकून मोबाइल पाहत बसलेले असत. तनुजा एकदा रडत त्यांच्याकडे गेली. सरांनी मला हातात घेऊन दोनदा दाबले.

"अगं, फोमचा हाय हा. रडायला काय झालं? जा, खेळ."

सत्यम हुशार मुलगा होता. विज्ञानात नेहमी पहिला. त्याचा तनुजावर काही राग नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. मी लागूनही तिला लागत नाही, हे त्याला खटकले, एवढेच. एका दुपारी त्याने कंपासपेटीतले कर्कटक काढले आणि माझ्या अंगाला मोजून बारा भोके पाडली. टोक काढून घेतले की कातडी लगेच मिटायची. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसले नसते.

मग त्याने मला नळाखालच्या हौदात बुडवले. पाण्याखाली दोन्ही हातांनी दाबून धरले. माझी हवा बुडबुडे होऊन वर गेली. मग त्याने पकड सैल केली आणि मी पाणी प्यायलो. पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. मित्रांनो, तहान नसताना पिण्याची सक्ती काय असते, ते मला त्या दिवशी कळले. प्रयोगशाळेतल्या तराजूवर त्याने मला ठेवले आणि आनंदाने ओरडला, "नऊशे साठ!"

त्या दिवसापासून सुदर्शन सर पुन्हा मोबाइलमध्ये गढले की मला हौदात नेले जाई. आता मी तनुजाच्या पाठीवर आदळलो की धप्प असा जाड आवाज येई आणि तिचा श्वास अडके. तरी वळ उठत नसे. मी मऊच होतो ना. तास संपला की सत्यम मला पिळायचा आणि गच्चीच्या तापलेल्या कठड्यावर ठेवायचा. दोन दिवसांत मी पुन्हा एकशे चाळीस ग्रॅमचा निरपराध चेंडू होत असे.

एका शनिवारी तनुजाने मला दप्तरात लपवून घरी नेले. रूपाली भाकरी थापत होती. तनुजाने मला तिच्यासमोर धरले.

"आई, ह्यानं लई लागतं गं."

"कशानं? ह्यानं?" रूपाली हसली. पिठाचे हात पुसून तिने मला घेतले. आपली वस्तू ओळखल्याचा आनंद मला तिच्या बोटांत कळला. "वेडी का काय तू. हा तर माझ्या हातचा हाय."

"ते पाण्यात बुडवून मारतात. जड होतो तो."

"जड व्हायला पाणी आत गेलं पायजे ना? तीन कोट हायेत ह्याला. एक थेंब जात नाय." तिने तांब्याभर पाणी माझ्यावर ओतले. न दाबता ओतलेले पाणी मिटलेल्या भोकांत कसे शिरणार? ते ओघळून मोरीत गेले. रूपालीने डोळे मिटले आणि मला जोरात आपल्या गालावर मारून घेतले. मग दुसऱ्या गालावर.

"बघ. लागलं का मला?"

मला वाचा असती, तर तेव्हा हवी होती. मी कोरडा होतो. मी पुन्हा एकदा पास झालो.

रूपाली तव्याकडे वळत म्हणाली, "आणि रोज ड्रेस भिजवून येतीस, ते नळावर खेळणं बंद कर. खोटं बोलायची सवय नको लावून घेऊ बाई. शाळेचा चेंडू सोमवारी गुपचूप नेऊन ठेव."

सोमवारी तनुजाने मला नेऊन ठेवले. चेंडू गायब का झाला होता, हे सत्यमला कळायला वेळ लागला नाही.

"आईला दाखवला व्हय? काय म्हणली आई?"

तनुजा खाली बघत राहिली.

"पास केला वाटतं!" तो म्हणाला आणि सगळा गोल हसला.

त्या दिवशी मी पोटभर प्यायलो होतो. चार पावलांवरून त्याने मला फेकले. तनुजाने मान वळवली, म्हणून मी तोंडावर लागलो नाही. मी सपाट, ओला, तिच्या डाव्या कानावर बसलो. आवाज वेगळाच आला. ती ओरडली नाही. कान धरून खाली बसली आणि तिच्या बोटांतून पाणी गळत राहिले. त्यात थोडे लाल होते.

कानाचा पडदा फाटला होता. दुसऱ्या दिवशी रूपाली शाळेत आली. कामावरचा ॲप्रन तिने काढलाही नव्हता. तनुजा तिच्या शेजारी, कानात कापूस घालून उभी होती. सत्यमला बोलावले होते. सुदर्शन सरांनी मला कपाटातून काढून टेबलावर ठेवले.

"ताई, तुमच्याच कंपनीचा माल हाय. तुम्हीच सांगा, ह्यानं कान फाटतो का? पडली असंल कुठं तरी."

रूपालीने मला उचलले. मी अजून पुरता वाळलो नव्हतो. वजन हाताला कळणारी बाई ती; तिचा चेहरा बदलला. ती नळावर गेली, भरलेली बादली घेऊन आली आणि सगळ्यांसमोर मला पाण्याखाली दाबले. बारा ठिकाणांहून बुडबुड्यांच्या बारा माळा वर आल्या. तिने त्या मोजल्या. मग पकड सैल केली. चार वेळा. सत्यम जमिनीकडे पाहू लागला.

मला निथळत तिने सरांच्या हातात दिले आणि आपला डावा कान त्यांच्यापुढे केला.

"मारा."

"अहो ताई, काय हे..."

"मारा ना सर. फोमचा हाय."

सरांचा हात मला घेऊन थोडा वर गेला. माझे वजन त्यांना तेव्हा कळले. त्यांनी मला हळूच टेबलावर ठेवले आणि कागद भिजू नयेत म्हणून रजिस्टर बाजूला सरकवले.

रूपाली वळली. "तनू," ती म्हणाली, "चुकलं गं माझं. तू खरं बोलत होतीस."

पण ती तनुजाच्या डाव्या बाजूला उभी होती. तनुजा खिडकीबाहेर पाहत राहिली.

त्या दिवशी रूपाली मला सोबत घेऊन गेली. आता मी पुन्हा कारखान्यात, तिच्या टेबलावर असतो. पहिला चेंडू गालावर मारून झाला की ती त्याला टोचते, पाण्याखाली दाबते आणि पुन्हा गालावर मारते. सुपरवायझर म्हणतो, फॉर्मवर ह्याला रकाना नाही. डॉक्टर म्हणतात, पडदा भरून येईल, वेळ लागेल.

मित्रांनो, मला ऊन लागू देऊ नका, टोचू नका, हे तर मी सांगणारच. प्रत्येक चेंडू ते सांगतो. माझी विनंती दुसरी आहे. कुणी तुम्हाला "मला लागतं" म्हणाले, तर आपल्या गालावर मारून बघू नका. तुमच्या गालापर्यंत येईतो मी वाळलेला असतो.