सावरलेलं राज्य

तंजावुरी मराठी घरांना एक खोड असते. चारचौघांत काही लपवायचं असलं की आवाज खाली आणायची तसदी कुणी घेत नाही. तामिळ सोडून सरळ मराठीत बोलायला लागतात. मैलापूरच्या दुकानात विक्रेत्याच्या तोंडावर त्याच्या साड्यांना नावं ठेवायची आणि त्याच्याकडे बघून गोड हसायचं, हे संयुक्ताच्या घरात पिढ्यानपिढ्या चाललं होतं. चेन्नईत आपली भाषा आपल्याखेरीज कुणाला कळते, असा सगळ्यांचा भरवसा. त्या भरवशापायी मार्च महिन्यातल्या एका बुधवारी एका बाईचं डोकं फुटलं.

संयुक्ता राज्याच्या अर्थखात्यात अर्थसंकल्पाचं काम करायची. तिचे मामा, राघोत्तमराव, त्याच खात्यात मोठे अधिकारी होते. वडील गेल्यावर मामांनीच तिला वाढवलं, शिकवलं आणि तिथवर आणलं. साथीच्या वर्षात राज्याचं कंबरडं मोडलं होतं. दुकानं बंद, कारखाने बंद, कर येईना, आणि खर्च तर थांबवता येईना. आता दोन वर्षांनी विक्रीकर वाढला होता, घरांची खरेदी-विक्री सुरू झाली होती, मुद्रांक शुल्काचे पैसे पुन्हा येऊ लागले होते. पुढच्या वर्षाचं चित्र कसं असेल, ते प्रकरण संयुक्तानं लिहिलं होतं आणि ‘राज्य सावरलं आहे’ हे त्यातलं पहिलं वाक्य तिचंच होतं. तिला त्याचा अभिमानही होता.

त्याच मसुद्यात तिनं आणखी एक तरतूद घातली होती. साथीत घाईघाईनं कंत्राटावर घेतलेल्या नर्सना आणखी एक वर्ष कामावर ठेवायचं. त्या नर्स नुंगंबाक्कमच्या आरोग्य कार्यालयासमोर मांडव घालून बसल्या होत्या. शुक्रवारी अर्थसंकल्प वाचला जाणार, तोवर त्यांनी शांत राहावं म्हणून सरकारनं राघोत्तमरावांना पाठवलं आणि संयुक्ता त्यांच्यासोबत गेली. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात कुणी नव्हता.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी माईकवर सांगितलं की मागणी सरकारच्या विचाराधीन आहे, राज्य तुमचे उपकार विसरलेलं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणी तर रडल्या. मामांनी माईक खाली केला आणि संयुक्तानं त्यांना नेहमीच्या सवयीनं मराठीत विचारलं, आपली ती तरतूद राहिली ना?

मामा समोरच्या बायकांकडे बघून हसत होते. हसता हसताच ते म्हणाले, “कुठली राहते? परवाच काढूनटाकलों. तूट खाली दिसाला पाहिजे, तर राज्य सावरलं म्हणतील. शुक्रवारपर्यंत बसूंदे, मग पोलीस ह्या अस्क्या बायकांना उचलून नेतील.”

पहिल्या रांगेत एक बाई ताडकन उभी राहिली. तिचं नाव चित्रा. ती सांगलीकडची, विट्याजवळच्या गावची. नवरा प्रतापसिंह साहुकारपेठेत सोनं गाळायचा. लग्न होऊन चेन्नईला आली, इथंच नर्सिंग शिकली. हे सगळं संयुक्ताला नंतर कळलं. त्या क्षणी तिला फक्त एवढंच कळलं की समोरची बाई पांढरीफटक पडलीय आणि मराठीत बोलतेय.

“साहेब, शुक्रवारी कुनाला उचलनार म्हनला?”

मामांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. चित्रा दोन पायऱ्या चढली, त्यांच्या हातातला माईक घेतला आणि ते जे बोलले होते ते शब्द न शब्द तामिळमध्ये सांगितलं. तिनं शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. मग मांडवातून पहिली चप्पल आली.

चपलेमागून दगड आले. कार्यालयाच्या दाराची काच खळकन फुटली आणि तिचे तुकडे संयुक्ताच्या केसांत पडले. कुणीतरी मामांची कॉलर धरून त्यांना पायऱ्यांवरून खाली ओढलं. ते पालथे पडले आणि त्यांच्यावर बायकांचा ढीग पडला. ज्या हातांनी माणसांना प्राणवायूच्या नळ्या लावल्या होत्या ते हात आता मुठी आवळून मारत होते. एकीनं प्लास्टिकची खुर्ची उचलून त्यांच्या पाठीवर हाणली, खुर्चीचा पाय मोडला, तर त्या मोडक्या पायानंच ती मारत सुटली. दुसरी त्यांच्या छातीवर बसून हुंदके देत देत ठोसे घालत होती आणि साथीत आपण बांधलेल्या मढ्यांची नावं घेत होती. संयुक्ता मध्ये पडली तर कुणीतरी तिची वेणी धरून तिला भिंतीवर आदळलं. माईकच्या स्टँडचा लोखंडी दांडा मामांच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं आणि तो शिष्ट, इस्त्रीतला माणूस ओरडायला लागला. संयुक्ताला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

तेव्हा चित्राच धावली. बायकांना ढकलत, कोपरानं वाट काढत ती मामांपर्यंत पोचली आणि त्यांच्या अंगावर आडवी पडली. मारू नका, हा मेला तर आपणच मरू, असं ती तामिळमध्ये ओरडत होती. दोन-चार लाथा तिच्याच बरगड्यांत बसल्या. बायका थांबू लागल्या होत्या. आणखी एखाद्या मिनिटात सगळं निवळलं असतं.

पण पोलीस आले. आले ते काठ्या उगारतच आले. पळणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांवर, पाठीवर, हात वर करणारीच्या बोटांवर काठ्या पडल्या. मांडव कोसळला तर वरून कापडावरच काठ्या चालल्या, खाली कोण आहे ते कुणी पाहिलं नाही. मामांच्या अंगावर पडलेली बाई बघून एका हवालदाराला वाटलं की हीच साहेबांना मारतेय. त्यानं दोन्ही हातांनी काठी तिच्या डोक्यात घातली. देवळाच्या दारात नारळ फुटावा तसा आवाज झाला. चित्रा मामांच्या छातीवर तशीच पडून राहिली.

संध्याकाळी दोघं एकाच सरकारी इस्पितळात होती. चित्राला शस्त्रक्रियेला नेलं होतं आणि डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. मामांच्या कपाळाला टाके पडले होते, हाताला सलाईन लागलं होतं. त्यांच्या खाटेशी उभे राहून इन्स्पेक्टर विजयकुमार कागद तयार करत होते. चित्रानं खोटी अफवा पसरवली, जमाव भडकवला, अधिकाऱ्याच्या जिवावर उठली. जगली तर खाटेवरून थेट तुरुंगात, अशी कलमं. तसं मी काही बोललोच नव्हतो, असा जबाब मामांनी दिलाही होता. आता संयुक्ताची सही हवी होती.

इन्स्पेक्टरसमोरच मामा तिच्याशी मराठीत बोलू लागले. अर्थसंकल्प वाचायच्या आधी बाहेर फुटला हे ठरलं तर आपण दोघंही घरी बसू. शुक्रवार जाऊ दे, मग त्या बाईच्या औषधपाण्याचं मी बघतो. संयुक्ता म्हणाली, मामा, ती तुमच्या अंगावर आडवी पडली होती. मामा म्हणाले, ठाऊक आहे. एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांनी संयुक्ताला जेवढं लागलं तेवढं भिंतीवर आदळल्यानंही लागलं नव्हतं.

तेवढ्यात दारात आरडाओरडा झाला. चित्राचा नवरा आला होता. हातांवर, बनियनवर भट्टीची काजळी, पायांत चप्पल नाही. बायकोवर गुन्हा घातलाय हे बाहेर ऐकून तो सरळ आत घुसला आणि त्यानं इन्स्पेक्टरची गचांडी धरली. माझी बायको खोटं बोलत नाही, एवढंच तो परत परत तामिळमध्ये सांगत होता. दोन हवालदारांनी त्याला खाली पाडलं. एकानं बुटाखाली त्याचं मनगट दाबलं, दुसरा त्याच्या पोटऱ्यांवर काठी चालवू लागला. काठी पडली की तो ते वाक्य पुन्हा म्हणे. ओठ फुटला तरी म्हणे. पलीकडच्या खाटांवरच्या आजाऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

इन्स्पेक्टरनी कपडे झटकले आणि कागद संयुक्तापुढे केला.

“मॅडम, साहेब तसं बोलले नव्हते, असं लिहिलंय. सही करा,” ते तामिळमध्ये म्हणाले.

“गप्प सही कर मा,” मामा मराठीत म्हणाले. “तुझ्या अम्मावर आण.”

संयुक्ताच्या हातात पेन होतं. या माणसानं आपल्याला खांद्यावर घेऊन समुद्र दाखवला, आपली फी भरली, आपल्या तापात रात्री जागून काढल्या, हे सगळं तिच्या मनात एकदम दाटून आलं. तिचं मामांवर प्रेम होतं. काठी पुन्हा पडली. तिनं पेन खाली ठेवलं आणि स्वच्छ तामिळमध्ये सांगितलं, “ते बोलले होते. मी विचारलं, आणि त्यांनी मला सांगितलं. ती बाई खोटं बोललेली नाही.”

मामा खाटेवरून उतरले. सलाईनची नळी ताणली जाऊन तुटली, स्टँड खाली कोसळला. आयुष्यात कधी तिच्यावर आवाज न चढवलेल्या त्या माणसानं सगळी ताकद लावून तिच्या कानशिलात मारली. ती टेबलावर जाऊन आपटली, दात ओठात रुतला. त्यांनी दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा इन्स्पेक्टरनी तो वरच्यावर धरला. मराठीचं अक्षर त्यांना येत नव्हतं, पण खोट्या आरोपावर माणूस असा उठत नाही, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. त्यांनी हवालदाराकडे बघून मान हलवली आणि काठी थांबली.

शुक्रवारी अर्थसंकल्प वाचला जाणारच होता. त्यात ती तरतूद येणार नव्हती, आणि ‘राज्य सावरलं आहे’ हे वाक्य मात्र संयुक्ताचंच राहणार होतं. तिला त्या वाक्याची किळस आली. ती प्रतापसिंहाजवळ गुडघ्यांवर बसली. त्याला उठता येत नव्हतं. चित्राताई शुद्धीवर आल्या की मी स्वतः त्यांना सांगेन, त्या खरंच बोलल्या होत्या, असं ती त्याला मराठीत म्हणाली.

त्यानं तोंडातलं रक्त थुंकलं.

“तिला ठावं हाय ते,” तो म्हणाला. “ह्यास्नी सांग. लिवून घे म्हन.”

संयुक्ता उठली. इन्स्पेक्टरनी नवा कागद काढेपर्यंत ती टेबलाला धरून उभी राहिली, आणि मग पायऱ्यांवर मामांना काय विचारलं तिथपासून तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली.