लिंबाची गोळी

बाबा दर शनिवारी दोनच गोळ्या आणायचे, एक संत्र्याची आणि एक लिंबाची. मला संत्र्याची हवी होती. पण पहिल्याच शनिवारी बाबांच्या तळहातावरून ताईची नजर हलेना, म्हणून मी मोठेपणा करत म्हणालो, "मला लिंबाचीच आवडते." झालं, कायमचा शिक्का बसला. वाढदिवसाला लिंबाचा केक, तापात लिंबाचं सरबत. चाळीस वर्षं मी मुकाट्याने दात आंबवून घेतले.

गेल्या मंगळवारी ताई गेली. आज भाऊजींबरोबर तिचं कपाट आवरत होतो. रडू येत नव्हतं, स्वेटरांच्या घड्या मात्र नीट जमत होत्या. खालच्या खणात लिंबाच्या गोळ्यांनी गच्च भरलेला डबा निघाला.

"माझ्यासाठी आणल्या असतील," मी म्हणालो.

"छे रे, तिच्याच त्या. तिला लहानपणापासून लिंबाचीच आवड. पण तुला तीच हवी असायची, म्हणून बिचारी संत्र्याची चघळायची. घशाखाली उतरायची नाही म्हणे."

मी पुढच्या स्वेटरची घडी घातली.

"घेऊन जा डबा," भाऊजी म्हणाले. "तुझ्याही आवडीच्या ना?"

"हो," मी म्हणालो.