खटक्याचा चाकू

प्रभूचा चाकू मिटला तरी वीतभर भरायचा, आणि उघडला की समोरचा माणूस नकळत एक पाऊल मागं सरकायचा. मूठ शिंगाची, तिच्यात पितळी खिळे, आणि पात्याच्या मुळाशी एक कळ. कळ दाबली की ‘खट्’ असा आवाज व्हायचा. सगळी जादू त्या आवाजात होती. काम म्हणाल तर या चाकूला धड कुठलंच जमत नव्हतं. कांदा चिरायला तो अवजड, बाभळीची फांदी तोडायला हलका, आणि मेंढराचा खूर तासायला घ्यावा तर टोक नको तिथं शिरायचं. टरबूज मात्र झकास कापायचा. पण रोज उठून टरबूज कोण खातो?

मसाजीला हे सगळं दिसत होतं. मसाजी म्हणजे प्रभूचा बाप. पुसेगावच्या बाजूचा मेंढपाळ, सगळी हयात मेंढरांमागं चालण्यात गेलेली. खांद्यावर आडवी कुऱ्हाड टाकायची आणि तिच्या दांड्यावर दोन्ही हात लटकवून उभं राहायचं, ही त्याची जन्माची सवय. कुऱ्हाडीनं शेळ्यांना पाला मिळतो, कुंपणाला काटे मिळतात, चुलीला सरपण मिळतं. शिवाय ती खांद्यावर उघड्यावर असते. लांबूनच लोकांना कळतं की मेंढपाळ आला, आणि कुणी दचकत नाही.

“हत्यार आसावं तं दिसावं,” तो पोराला म्हणायचा. “कमरंला लपवून काहून फिरतूस?”

“लपवून कुठं, अप्पा? मिटलेला हाय,” प्रभू म्हणायचा. “कुऱ्हाड घिऊन निजता येतंय का? कुऱ्हाड घिऊन पळता येतंय का? ह्यो बघा, मिटला, खोसला, झालं. ना टोचत ना कापत.”

मसाजी कुऱ्हाड खांद्यावर सारून मेंढरांकडं वळायचा.

आणि खरं कारण तर दोघांनाही ठाऊक होतं. मागच्या साली कळमनुरीच्या अलीकडं, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला प्रभू एकटाच शेळ्या चारत होता. एक गाडी येऊन थांबली. एकानं प्रभूची मान धरून त्याला गाडीच्या दाराशी दाबून ठेवलं आणि बाकीच्यांनी शेळ्या उचलून आत टाकल्या. त्यात प्रभूच्या बायकोनं, राधिकानं, माहेराहून आणलेली गाभण शेळीही गेली. प्रभूची कुऱ्हाड बांधाला टेकवलेली होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. पण हात लांब करायला कुणी देईल तेव्हा ना! बायकोला काय सांगावं ते त्याला सुचलं नाही. कितीतरी दिवस पोरगं खाली मान घालून जेवलं. पुढं वारंगा फाट्यावर ट्रकवाल्यांना गॉगल, साखळ्या नि बॅटऱ्या विकणाऱ्या एकानं कापडाखालून हा चाकू काढला आणि म्हणाला, “ये सबको नहीं दिखाता भाई.” झालं, प्रभू भुलला. ज्या माणसाची मान दाबून धरली होती, त्याला आणखी काय पाहिजे?

सिंधूबाईनं, त्याच्या आईनं, पहिल्याच दिवशी रागराग केला. “पोलिसानं धरलं तं कोन सोडवून आणंल? फेकून दे ते ध्यान,” म्हणाली. प्रभूनं फेकला नाही. आणि महिन्याभरात मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी रस्त्यावरचं एक कोकरू उचललं तेव्हा त्यानं धावत जाऊन चाकू उघडला. खट्. कोकरू तिथंच टाकून दोघं पसार झाले. त्या दिवसापासून चाकू प्रभूच्या अंगाचाच भाग झाला. तो ताठ चालायला लागला, राधिकाशी हसून बोलायला लागला. आईचंही तोंड बंद झालं.

मसाजीनं तेव्हाच पाय रोवून उभं राहायला हवं होतं. बाप होता, एक शब्द पुरला असता. पण एका दुपारी प्रभू विहिरीवर गेला असताना मसाजीनं त्याच्या काढून ठेवलेल्या सदऱ्याखालचा तो चाकू उचलला, झाडाआड बसला आणि कळ दाबली. पुन्हा मिटला, पुन्हा दाबली. साठीला टेकलेला माणूस, पण मनगटात काहीतरी भरून आल्यासारखं वाटलं. कुऱ्हाड हातात घेऊन त्याला असं कधी वाटलं नव्हतं. आपल्याला हे आवडलं याची त्याला लाज वाटली आणि त्यानंतर चाकूबद्दल तो पोराला एका शब्दानं बोलला नाही.

फाल्गुनात कळप कुरुंद्याला आला. हळद काढून झाली की तिथली रानं मोकळी होतात. मग शेतकरी रानात मेंढरं बसवतात. लेंड्यांचं खत मिळतं, आणि मेंढपाळाला ज्वारी, पाणी नि उन्हाळाभर चाऱ्याची सोय. मसाजीला दरसाल पहिलं बोलावणं संतरामचं असायचं. संतराम मोठा बागायतदार, शब्दाला वजन असलेला. तो म्हणाला, ‘मसाजीची मेंढरं बसवा,’ की आजूबाजूचे शेतकरी डोळे झाकून बसवायचे. मसाजीचा सगळा उन्हाळा या एका माणसाच्या शब्दावर निघायचा. आणि संतरामचा शब्द उभा होता तो मसाजीच्या शब्दावर. आजवर काही नुकसान झालं की मसाजी स्वतःहून जाऊन सांगायचा, ‘मालक, आमच्या मेंढरांनी केलं.’ म्हणूनच तो ‘न्हाई’ म्हणाला की संतराम पुढचं विचारत नसे.

संतरामच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या त्या पत्र्याच्या घरापाशी, एक रीत होती. ओसरीवर बसायला येणाऱ्या मेंढपाळानं आपली कुऱ्हाड अंगणातल्या कडुलिंबाच्या ओंडक्यात रोवायची आणि रिकाम्या हातानं वर यायचं. कुणी सांगायचं नाही, कुणी विसरायचंही नाही. बाहेर रोवलेली कुऱ्हाड म्हणजे आत आलेला माणूस विश्वासाचा.

त्या सकाळी संतरामचा निरोप आला, पोराला घेऊन आखाड्यावर या म्हणून. ओसरीवर संतरामचा चुलतभाऊ वैजनाथ बसला होता. त्याची हळद अजून निघायची होती आणि त्याच्या ठिबकच्या नळ्या रानात जागोजाग तुटलेल्या सापडल्या होत्या. काळ्या नळीचे चार तुकडे त्यानं पुढ्यात मांडून ठेवले होते.

मसाजीनं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. प्रभूनंही रोवली. पायरी चढताना मसाजीची नजर पोराच्या कमरेवर गेली. सदऱ्याखाली तो ओळखीचा फुगवटा होता. मसाजी थबकला. प्रभू हळूच म्हणाला, “मिटलेला हाय, अप्पा.” जणू मिटलेला चाकू चाकू नसतोच. आता मागं फिरून ओंडक्याजवळ चाकू ठेवायचा म्हणजे वैजनाथच्या देखत ठेवायचा. मसाजी वर चढला.

“रात्री मेंढरांला पाणी पाजायला ह्यांनीच नळ्या कापल्या,” वैजनाथनं सुरुवातच अशी केली.

“घुशी-उंदरं बी कुरतडतेत, वैजनाथ,” संतराम म्हणाला.

“उंदराला आशी सरळ रेघ मारता येती व्हय?” वैजनाथनं एक तुकडा उचलून त्याचं टोक दाखवलं. टोक खरंच सुरीनं कापल्यासारखं होतं.

आता खरं काय ते सांगून टाकतो. नळ्या उंदरांनीच कुरतडल्या होत्या. वैजनाथनं गड्याला ‘तुकडे घिऊन ये’ म्हणून पिटाळलं आणि गड्यानं विळ्यानं नळी कापून तुकडे आणून दिले. ती सरळ रेघ त्या विळ्याची होती. पण तुकडे कसे आणले, हे गड्याला कुणी विचारलं नाही, आणि तोही आपणहोऊन बोलला नाही.

संतरामनं तुकडा बोटांत फिरवला. मग मसाजीकडं वळून म्हणाला, “कुऱ्हाडीनं आसं कापत न्हाई, ते मला कळतंय. मसाजी, कुऱ्हाडीशिवाय धारेचं काई हाय का तुमच्यापाशी?”

मसाजीच्या डोळ्यांसमोर पोराची दाबलेली मान आली. हो म्हणावं तर चाकू बाहेर काढावा लागणार, वैजनाथ बोंब मारणार, पोरगं पुन्हा चार माणसांत खाली मान घालणार. आणि नळ्या काही प्रभूनं कापल्या नव्हत्या. मग एवढंसं न सांगितल्यानं कुणाचं काय वाईट होणार होतं?

“न्हाई, मालक,” त्यानं संतरामच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

“झालं तं मग,” संतराम वैजनाथला म्हणाला. “मसाजी न्हाई म्हंतो म्हंजे न्हाई. तू घुशीचं औषध टाक.” वैजनाथनं धुसफुसत नळीचे तुकडे गोळा केले. द्वारकाबाईनं, संतरामच्या बायकोनं, सगळ्यांना चहा आणला. मसाजीच्या जिवात जीव आला. चहा पिऊन झाल्यावर त्या आनंदात तोच पोराला म्हणाला, “पड मालकाच्या पाया.”

प्रभू वाकला. कमरेचा चाकू सदऱ्याखालून सुटला आणि फरशीवर दणकन आपटला.

तो उघडला नाही. मिटलेलाच संतरामच्या पायाशी पडून राहिला. प्रभूनं हात पुढं करायच्या आत वैजनाथनं तो उचलला, कळ दाबली. खट्. ओसरीवर ते पातं एवढं लांब दिसलं की द्वारकाबाई कपबशा तशाच टाकून दारात सरकली.

“मी घेतलेला हाय,” प्रभू घाईनं म्हणाला. “चोरांसाठी. नळ्यांना हात बी लावला न्हाई म्या, मालक, शप्पत.”

संतरामनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. “मसाजी,” तो म्हणाला, “म्या तुला इचारलं व्हतं.”

“चुकलं, मालक. चाकू हाय. पर नळ्या न्हाई कापल्या. ते खरं हाय.”

“आसंल,” संतराम म्हणाला. “पर आता मला कसं कळावं?”

संतराम रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर पायावर डोकं ठेवता आलं असतं. तो रागावला नाही. गड्याला सांगून त्यानं ठरलेली ज्वारी मोजून द्यायला लावली आणि म्हणाला, “उद्या सकाळी मेंढरं उठीव.” चाकू वैजनाथच्या हातातच राहिला. तो मागायचं धाडस बापलेकापैकी कुणालाच झालं नाही.

दिवस मावळायच्या आत शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे निरोप आले. यंदा मेंढरं बसवायची न्हाईत म्हणाले. कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कळप निघाला. पुढं घोडीवर बिऱ्हाड लादून सिंधूबाई आणि राधिका, मागं मेंढरं, आणि मेंढरांच्या मागं बापलेक. उन्हाळा पुढं पडला होता आणि कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. राधिकानं एकदा मागं वळून ‘मामा, कोणीकडं वळायचं?’ म्हणून विचारलं तेव्हा मसाजीनं नुसताच हात पुढं केला.

कालपासून त्याच्या मनात एक किडा शिरला होता. नळीचं ते टोक सरळ होतं, आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी प्रभू उशिरा परतला होता. कुठं होतास म्हणून विचारलं तर म्हणाला होता, मेंढी व्यायली, थांबलो. मेंढी व्यायली होती हे खरंच होतं. कोकरू राधिकाच्या काखेत आताही होतं. तरी किडा जाईना.

“प्रभू,” तो म्हणाला, “नळ्या तू तं न्हाई कापल्या?”

प्रभू जागच्या जागी उभा राहिला. “अप्पा, तुमी बी?”

“नुसतं इचारून राहिलो.”

“न्हाई,” प्रभू म्हणाला. बापाच्या डोळ्यांत बघून, पापणी न हलवता.

मसाजीनं मान हलवली. त्याला ते मानायचं होतं, अगदी मनापासून मानायचं होतं. पण काल त्यानंही संतरामच्या डोळ्यांत असंच बघितलं होतं, पापणी हलवली नव्हती, आणि हाच शब्द हाच सूर लावून म्हटला होता. खरा ‘न्हाई’ कसा ऐकू येतो, हे त्याला आता सांगता आलं नसतं.

प्रभूनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. मग तो कळपाला वळसा घालून पलीकडच्या कडेला गेला. संध्याकाळपर्यंत दोघांच्या मधून मेंढरं चालत होती.