खिडकी नेली, अंगण राहिलं

मी लाखनीच्या प्रफुल्लच्या दुकानातला कम्प्युटर बोलतोय. ऐकायचं तर नीट ऐका. मी दोनदा सांगत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. नागपूरच्या एका कार्यालयाने मला वापरून टाकून दिलं आणि प्रफुल्लने उचलून आणलं. दुकान हमरस्त्यावर आहे. ट्रक गेला की टेबल हलतं आणि टेबलाबरोबर मी हलतो. दर दसऱ्याला प्रफुल्ल मला झेंडूचा हार घालतो आणि नेमकं पंख्याच्या जाळीतच कुंकू टाकतो. ते कुंकू वर्षभर माझ्या पोटात फिरत राहतं. पूजा झाली की पुढच्या दसऱ्यापर्यंत फडकं नाही.

पूर्वी ट्रकवाले यायचे आणि कार्डात गाणी भरून न्यायचे. ते बरे होते, निदान ती गाणी ऐकायचे तरी. आताचे लोक नुसतं साठवतात. स्वतः प्रफुल्लनेच माझ्यात एक कप्पा केलाय, त्याला नाव दिलंय 'नंतर पाहू'. त्यात व्यायामाचे व्हिडिओ आहेत. ते भरल्यापासून त्याचं पोट वाढलं. मधमाश्या पाळण्याचे आहेत, इंग्रजी बोलायला शिकण्याचे आहेत. एकही उघडलेला नाही. धान ढोलीत भरायचं आणि उपाशी झोपायचं, अशी ही जात.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी रत्नाबाई आली. सोबत तिचा मुलगा कैलाश आणि मागून काठी टेकत जागेश्वर. जागेश्वर म्हणजे तिचा नवरा, दंडारीतला, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातला, नावाजलेला गाणारा. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत गावोगाव त्याला बोलावणं असायचं. मग लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. आता तोंडातून नुसता हुंकार निघतो.

त्याच्या चांगल्या दिवसांत बातम्यांच्या एका छोट्या वेबसाइटवाल्याने त्याचा गण चित्रित केला होता. त्या पानावर, मजकुराच्या मधोमध, चौकटीत तो व्हिडिओ होता. जागेश्वरचा आवाज जगात तेवढ्याच एका ठिकाणी उरला होता. आणि ती वेबसाइट महिनाअखेर बंद होणार, असं पानावरच लिहिलं होतं.

"प्रफुल्लभाऊ, हे आमाले घरी पायजे," कैलाश म्हणाला. "नेट नसलं तरी दिसलं पायजे."

"हे तर माह्या डाव्या हातचं काम हाय," प्रफुल्ल म्हणाला.

त्याने डाव्या हाताने चहाचा पेला धरला आणि उजव्या हाताने पान जतन केलं. उघडून दाखवलं. चौकटीत जागेश्वर उभा राहिला, गाऊ लागला. रत्नाबाईने पदर डोळ्याला लावला. पेनड्राइव्ह घेऊन तिघं गेले.

मला माहीत होतं. मला विचारतो कोण?

ते पान म्हणजे खिडकी होती. व्हिडिओ त्या खिडकीपलीकडच्या अंगणात, दूरच्या कुठल्या तरी कम्प्युटरवर होता. प्रफुल्लने खिडकी उचलून पेनड्राइव्हमध्ये घातली आणि अंगण तिथंच राहिलं. दुकानात नेट चालू, म्हणून खिडकीतून अंगण दिसत होतं. एवढी साधी गोष्ट. पण भिंतीवर कम्प्युटर कोर्सचं प्रमाणपत्र टांगलं की माणसाला खिडकीतून पाहायची गरज वाटत नाही.

चार दिवसांनी तिघं परत आले.

"भाऊ, यात काहीच नाही. मेहुण्याच्या लॅपटॉपवर लावलं, तर बातमी दिसते, फोटो दिसते, अन् मधात काळा डब्बा," कैलाश म्हणाला.

"मेहुण्याचा लॅपटॉप जुना असन."

"औंदाच घेतला न."

"मंग त्याले लावता आलं नसन." प्रफुल्लने तोच पेनड्राइव्ह मला लावला. जागेश्वर गाऊ लागला. "हे पाय. चालून राहिलं का नाही? उगाच माणसाले बदनाम करता."

कैलाश ओशाळला. तेवढ्यात बाहेर रस्त्याचं काम करणाऱ्या जेसीबीने जमिनीतली तार तोडली. ते यंत्र आठवड्यातून एकदा तरी तार तोडतंच. नेट गेलं, वीज राहिली. प्रफुल्लने पुन्हा लावून पाहिलं. काळा डब्बा.

जागेश्वरने काठीने जमीन एकदा ठोकली.

"मंग बाबू, त्या दिवशी तू आमाले काय देलं?" रत्नाबाईने विचारलं.

प्रफुल्ल माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच चोर.

दुसऱ्या दिवशी तार जोडली गेली आणि त्याची खटपट सुरू झाली. व्हिडिओ उतरवून देतो म्हणणारी एक फुकटची गोष्ट त्याने कुठून तरी माझ्यात आणली. व्हिडिओ आला नाही. कर्जाच्या जाहिराती आल्या, टक्कल घालवायचं तेल आलं आणि मला ताप आला. योग्य रस्ता होता. वेबसाइटवाल्याला एक फोन केला असता, तर त्याने मूळ व्हिडिओ दिला असता. पण फोन करायचा म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. प्रफुल्लला ते जमणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी तिघं येऊन बसले. संध्याकाळी पान जाणार होतं. प्रफुल्ल घामाघूम झाला. अखेर त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या पडद्यासमोर धरला.

"कोणी बोलू नका," तो म्हणाला.

मला लाज वाटली. माझ्यासारखं यंत्र हजर असताना हा माणूस पडद्याचा फोटो काढल्यासारखं चित्रण करत होता. गण सुरू झाला. बाहेरून ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. चहावाल्याने आत डोकावून विचारलं, "किती आणू?" रत्नाबाईने हातानेच त्याला हाकललं.

मग टेबलावर ठकठक ऐकू आली. जागेश्वरच्या डाव्या हाताची बोटं होती. पडद्यातला जागेश्वर गात होता आणि टेबलाशी बसलेला ठेका देत होता. एकदाही चुकला नाही. शेवटपर्यंत.

प्रफुल्लने ते मोबाइलमधून माझ्यात घातलं आणि पेनड्राइव्हमध्ये दिलं. या वेळी कैलाशने आधी माझी नेटची तार उपसली आणि मगच लावून पाहिलं. लागलं.

"हॉर्न अन् ठकठक काढून साफ करून देतो," प्रफुल्ल म्हणाला. पुन्हा डाव्या हातचं काम.

"हॉर्न काढ," रत्नाबाई म्हणाली. "ठकठक राहू दे, बाबू. तेवढंच तर बोलतेत ते आता."

जागेश्वर हुंकारला.

प्रफुल्लला हॉर्नसुद्धा काढता आला नाही. तसंच घेऊन गेले.

आता त्याने नवा लॅपटॉप घेतला आहे. मी टेबलाखाली आहे, माझ्यावर रद्दी ठेवली आहे. मंडईत दंडार सुरू होण्याआधी कैलाशने ते भोंग्यावर लावलं, असं चहावाला सांगत होता. हॉर्न वाजला तेव्हा लोक हसले आणि ठकठक सुरू झाली तेव्हा गप्प झाले. ढोलकीवाल्याने तोच ठेका उचलला म्हणे. पुढे बसलेल्या जागेश्वरने मान हलवली.

माझं म्हणणं एवढंच. जे ठेवायचं आहे ते एकदा तार उपसून पाहा. दिसलं तर तुमचं. नाही तर तुमच्याकडे खिडकी आहे, ती घेऊन खुशाल मिरवा.

भंगारवाला उद्या येवो की परवा. मला कोणाची दया नको. रत्नाबाईच्या घरी गण लागतो, तेव्हा हॉर्नच्या मागे आणि ठेक्याच्या खाली एक बारीक घरघर ऐकू येते. लोकांना वाटतं, मोबाइल खराब होता.

तो माझा पंखा आहे.