सासूची लाडकी मशीन

माझी सासू धोंडीबाय एका मशीनीवर जीव लावून बसली आणि मी जळून कोळसा झाले. हसा, खुशाल हसा. नवऱ्यानं दुसरी आणली असती तर गावातल्या चार बायका तरी माझ्या बाजूनं भांडल्या असत्या. इथं कोणाला सांगू, शहापूरच्या दवाखान्यात खाटेशेजारी बसलेली पांढरी पेटी माझी सवत हाय म्हणून?

शिमग्याच्या सुमाराला आय, सासूला मी आयच म्हणते, बांधावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. धसईच्या पलीकडं आमचं घर. तेव्हापासून तिचं हागणं-मुतणं मी काढलं. मीच! नवरा सुदाम कंपनीत, नणंद प्रेमा भातसानगरला, धरणाच्या क्वार्टरमध्ये पंख्याखाली. आणि म्हातारी कशी? झालं तरी सांगायची नाय. वास आला की मी धावायची, तर ही भिंतीकडं मान करून पडलेली. एकदा तरी ‘बरं केलंस गो रंगू’ म्हणावं? नाव नको.

खाण्याचं तर विचारू नका. अर्धी भाकरी, वाटीभर पेज, की हात आडवा. “भूक नाय.” नाचणीची भाकरी केली, तांदळाची केली, सुकटीची चटणी वाटली, जवळ्याचं कालवण केलं. “भूक नाय.” पाणीसुद्धा घोटभर. शेवटी पाठीला जखमा पडल्या तेव्हा गाडी करून शहापूरला आणली.

डॉक्टरनं तिचा दंड दोन बोटांत धरला आणि सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल असं मला विचारलं, “घरी खायला देता की नाही यांना? अंगात काहीच नाही, जखमा भरायच्या कशा?” प्रेमा बाजूलाच होती. ती म्हणाली, “वहिनी, माझी आय अशी काडी नव्हती गो.” धरणी फाटली असती तर मी आत गेले असते.

मग ती मशीन आली. कुठल्याशा ट्रस्टनं वॉर्डाला एकच दिलेली, ती आमच्या आयला लागली. रेश्मा सिस्टरनं समजावलं. माणसाच्या कमरेला मऊ वाटीसारखं बसवायचं, त्याची नळी पेटीत. माणसाला झालं की मशीनला आपोआप कळतं. ती घाण ओढून घेते, गरम पाण्यानं धुते, वर गरम वाऱ्यानं सुकवते. सगळं चादरीखाली. हाक मारायला नको, कुशीवर वळवायला नको. मी म्हटलं, चला, माझ्या हातांना सुटी.

कसली सुटी! म्हातारी बदललीच. चहा मागितला. परत मागितला. दवाखान्याची ती पाण्यासारखी डाळ, तीसुद्धा भातावर घेऊन चाटूनपुसून खाल्ली. प्रेमानं उकडलेली अंडी आणली, ती सगळी गट्ट. आणि भेटायला येईल त्याला मशीनचं कौतुक. “लय गुणाची हाय गो. गरम पाणी घालते, वारा घालते. कधी तोंड वाकडं करीत नाय.”

तोंड वाकडं करीत नाय! बोलताना माझ्याकडं बघितलं नाय, पण लागायचं तिथं लागलं. मी नाकाला पदर लावायची, हो, लावायची. देवानं नाक दिलंय तर वास येणार. पेटीला काय नाक हाय?

प्रेमाला तर आयतंच मिळालं. “बघ वहिनी, इथं कशी जेवते.” शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझ्याकडं बघून सुस्कारा सोडला. मग प्रेमानं जाहीर केलं, सुटी मिळाली की आयला भातसानगरला नेणार, भाड्यानं अशी मशीन लावणार. सुदामनं मान डोलावली, नंदीबैल मेला. म्हणजे झालं! रंगूनं सासूला उपाशी मारली, लेकीला उचलून न्यावी लागली, असं सगळं गाव म्हणणार. राबले मी, आणि नाव कोणाचं, तर लेकीचं आणि पेटीचं. पिकतं तिथं विकत नाय, तेच खरं.

अशात दसरा आला. आमच्याकडं त्या दिवशी विळा, कोयता, नांगर, सगळं धुऊन हळदकुंकू लावतात. जे राबतं त्याची पूजा. सकाळीच आय म्हणाली, “रंगू, हिची पूजा कर.”

“कोणाची?”

“हिची गो. रोज राबते माझ्यासाठी.”

काय सांगू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय गवत उपटत होते इतके महिने? मला कोणी बोटभर कुंकू लावलं? पण सगळा वॉर्ड बघत होता. गेले खाली, फुलवालीकडनं झेंडू आणला, हळदकुंकू आणलं. जीव जळत होता, म्हणून हात जरा जास्तच सढळ चालला. घे बाय, घे. पेटीच्या पुढच्या बाजूला एक जाळी होती, मला वाटलं हेच हिचं तोंड. तिथंच मूठभर हळद, मूठभर कुंकू, वर अक्षता, वर झेंडूच्या पाकळ्या. नेमका तेव्हाच तिचा वारा सुरू झाला. सगळं सर्रकन आत गेलं. घर्र घर्र आवाज झाला, लाल लाईट लागली आणि बाय गप्प.

रेश्मा सिस्टर धावत आली आणि डोक्याला हात लावला. “अहो ताई, ती हवा आत घ्यायची जाळी आहे!” मेकॅनिक कल्याणचा, आज सणाची सुटी, उद्याच येणार. प्रेमा ओरडली, “मुद्दाम केलंस तू!” मुद्दाम नव्हतं केलं. पण खोटं कशाला बोलू, ती बंद पडली तेव्हा मला आतून गार वाटलं.

दुपारी प्रेमानं डबा उघडला. पुरणपोळी, वर तूप, बाजूला भात. आयनं बघितलं आणि हात आडवा केला.

“भूक नाय.”

“अगो, तुझ्या आवडीची हाय.”

“नको.” पाणी दिलं, तेही नको. मान भिंतीकडं.

“काल तर एवढी जेवलीस, आज काय झालं?” प्रेमा चिडली.

तशी म्हातारी कावली. “मशीन बंद हाय ना! खाल्लं तर काढील कोण?”

“वहिनी हाय की.”

“म्हणूनच तर नको.” आयचा आवाज बारीक झाला. “घरी तसंच करायची मी. कमी खाल्लं तर कमी होतं. ती ताटावरनं उठते, माझं काढते, हात धुते, परत भातावर बसते. घास उतरत नाय तिच्या घशाखाली. मी आंधळी हाय काय?”

प्रेमाच्या हातात पोळी तशीच राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई चादर नीट करायला लागली. मला जे पायजे होतं ते मिळालं, माझं नाव धुऊन निघालं. पण आनंद कुठला! माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, म्हातारीला भूक होती. रोज होती. माझ्या चुलीवर जवळा शिजायचा, तिला वास जायचा, आणि ती पोट दाबून ‘भूक नाय’ म्हणायची. उरलेली अर्धी भाकरी मी कोंबड्यांना टाकायची.

मग मला असा राग आला! प्रेमाच्या हातातनं ताट ओढून घेतलं. “म्हातारे, मला विचारलंस एकदा तरी? पाठ सडवून घेतलीस, माझं गावात तोंड काळं करून ठेवलंस, आणि वर माझी माया करतेस? खा!”

“नको गो.”

“खा म्हणते ना! झालं तर मी काढीन. तोंड वाकडं करीन, नाक दाबीन, बडबड पण करीन, पण काढीन. तू उपाशी मेलीस तर माझ्या जेवणाला काय चव राहील?”

तिनं तोंड उघडलं. पोळीचा घास आसवं आणि तूप एकत्र करून गिळला. मीही रडत होते, बोटं तुपानं माखलेली, त्यामुळं डोळे पुसता येईनात.

संध्याकाळी व्हायचं ते झालं. मी काढलं. पलीकडून प्रेमानं आयला कुशीवर धरलं, जन्मात पहिल्यांदा. तिचं तोंड एवढं वाकडं झालं होतं की बघवेना.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, कुंकू आणि तांदूळ झटकत बसला. मी त्याला विचारलं, “भाऊ, ही घरी न्यायला मिळते काय? आमच्याकडं लाईट जाते, बॅटरीवर चालेल?” प्रेमा माझ्याकडं बघतच राहिली. भातसानगरचं नाव तिनं काढलं नाय, मीही काढलं नाय.

मशीन सुरू झाली, बारीक घूं घूं ऐकू आलं. तशी आय खाटेवरनं म्हणाली, “रंगू, भात हाय काय गो थोडा?”

बघा! ती सुरू झाल्यावरच मागितला. परत जळलंच मला. पण वाढला. ताट भरून वाढला.