आत्याचा वेग

त्या घरात सगळ्यात बेफाम गाडी हाकायची ती आत्या. निदान वाहतूक खात्याच्या लेखी तरी तसंच होतं. प्रत्यक्षात आत्याने स्टिअरिंगला हात लावून बरीच वर्षं उलटली होती. डाव्या डोळ्याच्या पडद्याला काहीतरी झालं आणि समोरच्या माणसाचं अर्धं तोंडच दिसेनासं झालं, तेव्हा तिने स्वतःहून किल्ली थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या हातात ठेवली. म्हणाली, "मी कुणाला तरी चिरडायच्या आत ही घे." परवाना मात्र पर्समध्ये तसाच राहिला, आणि हळूहळू घराच्या कामी यायला लागला.

घराचा धंदा पार्सलं पोचवायचा. गोदामातून माल उचलायचा, व्हॅनमध्ये कोंबायचा आणि दारोदार टाकत सुटायचं. उशीर झाला तर गिऱ्हाईक बोंबलतं, वेळेत पोचावं तर रस्त्यावरचा कॅमेरा फोटो काढतो. फोटो पाठमोरा. नंबरप्लेट दिसते, माणूस दिसत नाही. मग गाडीमालकाकडे विचारणा येते की चालवत कोण होतं. ज्याचं नाव सांगाल त्याच्या परवान्यावर ठपका चढतो, आणि ठपके भरले की परवाना जप्त. ड्रायव्हरचा परवाना गेला म्हणजे पोटावर पाय. म्हणून दादाने घरात एक पद्धत पाडली होती. चलान आलं की चहाच्या टेबलावर पत्ते वाटावेत तशी त्याची वाटणी व्हायची.

"हे माझ्या नावावर, हे भुंग्याच्या. आणि हे? चिमे, तुझं पान कोरं आहे ना?"

"कोरं करकरीत," आत्या म्हणायची आणि सही ठोकून द्यायची.

भुंगा म्हणजे दादाचा मुलगा. लहानपणी तोंडाने मोटारीचा आवाज काढत घरभर हुंदडायचा, म्हणून आत्यानेच ते नाव ठेवलेलं. त्याची आई गेली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. आत्याने आपलं शिवणाचं दुकान बंद केलं आणि भावाकडे राहायला आली, ती कायमची. लग्नाचं मग राहूनच गेलं. त्याचा ताप, त्याची शाळा, त्याची पहिली सायकल, सगळं तिच्याच हाताखालून गेलं. आता स्वतः बाप व्हायला निघालेला हा घोडा तिच्या गळ्यात पडून म्हणायचा, "आत्या, जरा हळू चालव गं, आमच्या जिवाला घोर लागतो." सगळे हसायचे. आत्याही हसायची. यात कुणाचं काही बिघडत नाही, असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

मागे एकदा तिच्या परवान्यावर इतके ठपके जमले की खात्याने तिला सुधारवर्गाला बोलावणं धाडलं. तीही गेली. दिवसभर बाकावर बसून अपघातांच्या फिल्मा बघायच्या, आणि आजूबाजूला सगळी मिसरूड फुटलेली पोरं. वर्ग घेणाऱ्या मास्तरांनी एकेकाला उभं करून विचारलं, का पळवता गाडी? आत्याची पाळी आली तेव्हा ती पदर सावरत म्हणाली, "काय करू मास्तर, पाय दाबला की मन मोकळं होतं." पोरांनी बाकं वाजवली. घरी येऊन तिने सगळी नक्कल करून दाखवली, तेव्हा हसून हसून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी ते वाक्य जसंच्या तसं नोंदवून ठेवलं होतं, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं.

मग पुलाच्या रस्त्यावरचं चलान आलं.

या वेळी दादाने पत्ते वाटायचा खेळ केला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसत बसला. "चिमे, हे तुझ्या नावावर टाकतो."

"विचारतोयस की सांगतोयस?"

"टाक ना सही. त्याचे ठपके भरत आलेत, आणि बाळ तोंडावर आलंय."

आत्याने चलानावरचा वेग वाचला आणि भुंग्याकडे वळून डोळे मोठे केले. "अगं बाई, एवढी पळवली मी? कुठे आग लागली होती रे?"

भुंगा हसला नाही. तो कपातला चहा उगाचच ढवळत होता. तसाही काही दिवस तो गप्पगप्पच होता. व्हॅन गोदामाच्या खांबावर घातली आणि पुढचा दिवा फोडून आणला, म्हणून बापाची बोलणी खाल्ली होती त्याने. आत्याला वाटलं, त्याचाच राग असेल, नाहीतर होणाऱ्या बाळाची धास्ती. तिने सही केली आणि सगळ्यांच्या कपबशा उचलल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, एक फौजदारबाई आणि एक हवालदार दारात उभे राहिले. सून तपासणीसाठी दवाखान्यात गेली होती. दादा आणि भुंगा नुकतेच फेरी संपवून जेवायला आले होते. फौजदारबाई बोलायला मऊ होत्या. बूट पायपुसण्यावर नीट पुसूनच आत आल्या.

"मावशी, या व्हॅनचं पुलाच्या रस्त्यावरचं चलान तुमच्या नावावर आहे. त्या दुपारी गाडी तुम्हीच चालवत होता?"

दुसरं कुणी असतं तर जरा अडखळलं असतं. आत्याच्या जिभेला सवय झालेली. "हो, मीच. घाईत होते. चुकलंच, साहेब."

"आणि पूल ओलांडल्यावर काय झालं?"

"काय व्हायचंय? घरी आले."

फौजदारबाईंनी हवालदाराला खूण केली. त्याने पिशवीतून दिव्याच्या काचेचे तुकडे काढून टेबलावर मांडले. "पुलापलीकडच्या वळणावर एक सुतार सायकलवरून घरी जेवायला चालला होता. त्याला व्हॅनने उडवलं. रस्त्याकडेच्या चरात पडून होता बिचारा. अंधार पडल्यावर बायको बॅटरी घेऊन शोधायला निघाली, तेव्हा सापडला. काल गेला तो. डॉक्टर म्हणतात, तासाभरात आणला असता तर जगला असता."

गोदामाचा खांब, फुटलेला दिवा, न हसलेला पोरगा, एकेक गोष्ट आत्याच्या डोक्यात जागेवर जाऊन बसली. तिने भुंग्याकडे पाहिलं. तो काचांकडे बघत होता. हे तोंड तिने धुतलं होतं, पुसलं होतं, त्यावर काय लिहिलंय ते तिला एकाच डोळ्याने वाचता येत होतं.

"घोटभर पाणी पिते," ती म्हणाली. "भुंग्या, हात दे जरा."

स्वयंपाकघरात तिने नळ सोडला आणि आवाज खाली आणला. "तूच ना?"

त्याने मान हलवली.

"कळलं होतं तुला?"

"धक्का बसला. थांबवली मी गाडी. मागे वळून बघितलं, आत्या. त्याचा हात हलत होता."

"मग?"

"मग निघालो."

"हात हलत होता, आणि निघालास?"

"वाटलं, मागून कुणीतरी येईल, बघेल. मला काही सुचलंच नाही गं."

आत्याने ओट्याची कड घट्ट धरली. त्याच दिवशी येऊन त्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं असतं, तर काय सांगावं, तिने त्याच्यासाठी तुरुंगही पत्करला असता. त्याच्या बाबतीत ती तेवढी खुळी होती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण त्याने न सांगता तिच्यापुढे कागद येऊ दिला. ती कुठे आग लागली म्हणून थट्टा करत होती, तेव्हाही हा चहा ढवळत बसला होता. आणि तिकडे त्या सुताराची बायको ताट झाकून वाट बघत बसली असेल. हे काही टेबलावर वाटून घ्यायचं चलान नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. "बाहेर मी बोलते, तू फक्त हो म्हण. वकील बघू, काय लागेल ते करू. मी तुझा हात सोडणार नाही. पण हे माझ्या नावावर नाही टाकायचं, बाळा."

"हो," भुंगा म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि नळ बंद केला.

बाहेर येऊन तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. टेबलावरची वाटणी, आपल्या सह्या, घरातली हसाहशी. बोलताना तिला पहिल्यांदाच त्या हसण्याची शिसारी आली.

फौजदारबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे खोटं मघाशी बोललात, की आत्ता?"

"मघाशी. आणि त्याआधी कितीतरी वेळा."

"सुधारवर्गालाही दुसऱ्याच्याच वतीने बसलात? पाय दाबला की मन मोकळं होतं, हे कोण म्हणालं होतं?"

"मीच. पण ते आपलं पोरांना हसवायला."

हवालदाराने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने घाईघाईने हुकमाचं पान टाकलं. "अहो, मी गाडी चालवीन कशी? मला डाव्या डोळ्याने दिसतच नाही. बघा ना."

फौजदारबाई जवळ आल्या. त्यांनी आपल्या हाताने तिचा उजवा डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली. "किती?"

"नाही दिसत."

त्यांनी हात काढला. त्यांचा मऊपणा आता पार गेला होता. "सुतार रस्त्याच्या डाव्याच कडेने चालला होता, बाई."

फौजदारबाई दादाकडे वळल्या. "तुमच्या बहिणीचं म्हणणं खरं आहे?"

दादाने मुलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ऐकत नाही ती," तो म्हणाला. "डोळा गेल्यापासून किल्ल्या लपवून ठेवतो आम्ही. पण घरातल्या घरात लपवून लपवणार किती?"

इतकं सफाईदार खोटं की आत्यालाच क्षणभर प्रश्न पडला, खरंच चालवते की काय मी. मग तिने भुंग्याकडे पाहिलं. शाळेच्या स्टेजवर तो कविता विसरायचा, तेव्हा ती खालून मान हलवून त्याला धीर द्यायची. आत्ताही तिने तशीच मान हलवली.

"तुम्ही कुठे होता त्या दुपारी?" फौजदारबाईंनी त्याला विचारलं.

"घरीच," भुंगा म्हणाला. "व्हॅन आत्या घेऊन गेली होती."

आत्याला रडू आलं नाही. आधी संताप आला, आणि संतापाच्याही खाली लाज, की याला मी वाढवलं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. तिच्याच सह्या, तिचेच ठपके, तिचंच ते टाळ्या मिळवणारं वाक्य. ऐकणाऱ्याने विश्वास तरी कशावर ठेवावा?

"चला," फौजदारबाई म्हणाल्या. "बाकीचं ठाण्यात."

हवालदार काचा गोळा करून पुढे झाला. आत्याने शाल घेतली. दादाने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. वाकून तिच्या चपला आणल्या, तिच्या पायांसमोर ठेवल्या, एक उलटी पडली होती ती सुलटी केली. वाकलेला असतानाच तो हळू आवाजात बोलत राहिला. "वय बघतात, चिमे. त्यात बाईमाणूस, डोळा अधू. फार ताणायचे नाहीत. आणि त्याला बाळ होतंय गं. मी येत जाईन तुला भेटायला."

आत्याने चपलांत पाय सरकवले. "दादा," ती म्हणाली, "त्या माणसाचा हात हलत होता रे. तुझ्या पोराने बघितला."

"सांगितलंय त्याने मला," दादा म्हणाला. "त्याच दुपारी." आणि तिला जायला त्याने दार उघडून धरलं.